तटस्थता आणि स्वायत्तता : परराष्ट्रधोरणाचे तज्ज्ञविश्लेषण व विधिमंडळे

१

विधिमंडळाने कार्यकारी मंडळावर नियंत्रण ठेवावे, हे लोकशाहीचे तत्त्व सर्वमान्य आहे. परंतु ज्या कारभारावर नियंत्रण ठेवावयाचे त्याचे ज्ञान नियंत्रकाजवळ असले पाहिजे, हा त्या तत्त्वाचा अनुषंग मात्र फारसा विचारात घेतला जात नाही. अंतर्गत कारभाराच्या बाबतीत ही उणीव काही अंशी आपोआप भरून निघते. शेतसारा, पाणीपुरवठा, शाळा, रस्ते या विषयांवर बोलावयास उभा राहणारा सदस्य आपल्या मतदारसंघातून काही अनुभव बरोबर घेऊन आलेला असतो. मंत्र्याचे निवेदन वस्तुस्थितीशी जुळत नसेल तर ते त्याच्या सहज ध्यानात येते. परराष्ट्रसंबंध आणि राष्ट्राची सुरक्षितता या क्षेत्रांत असा अनुभव त्याच्याजवळ नसतो. सरहद्दीपलीकडे काय घडले, कोणत्या करारातील कोणत्या कलमाचा अर्थ काय, सैन्याजवळची सामग्री किती जुनी, हे त्याला शासनाकडूनच कळते आणि ज्या शासनाचे परीक्षण करावयाचे त्याच शासनाने पुरविलेल्या साधनांनी ते करावे लागते.

ही अडचण दूर करण्यासाठी विधिमंडळास स्वतःच्या नोकरीतील तज्ज्ञ असावेत, अशी कल्पना विसाव्या शतकात रूढ झाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तिला सर्वांत पूर्ण स्वरूप प्राप्त झाले. भारतातही तशा सूचना वारंवार करण्यात येतात आणि त्या करताना अमेरिकन संस्थेचा दाखला बहुधा आदर्श म्हणून दिला जातो. तो दाखला कितपत योग्य आहे, त्या संस्थेचे खरे सामर्थ्य कशात आहे व तिची वैगुण्ये कोणती, आणि भारतीय संसदेने त्यातून काय घ्यावे, याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : तज्ज्ञविश्लेषणाचे मोल ते विश्लेषण किती तटस्थ आहे यावर ठरत नसून ते करणारा किती स्वायत्त आहे यावर ठरते. आणि ज्या सभेला ते सादर करावयाचे तिला निर्णयाचा अधिकार नसेल, तर ही स्वायत्तताही बहुतांशी निष्फळ ठरते.

२

अमेरिकन संस्थेचा उगम विस्कॉन्सिन संस्थानाच्या राजधानीत, मॅडिसन येथे झाला. तेथे चार्ल्स मॅकार्थी यांनी १९०१ मध्ये विधिमंडळाच्या सदस्यांसाठी संदर्भग्रंथालय चालविण्यास आरंभ केला. प्रबळ धंदेवाल्यांचे वकील जी विधेयके तयार करून आणीत, त्यांची चिकित्सा सदस्यांना स्वतंत्रपणे करता यावी, हा त्यामागील हेतू होता. या प्रयोगाच्या धर्तीवर १९१४ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘लेजिस्लेटिव्ह रेफरन्स सर्व्हिस’ हा विभाग निघाला. त्याचा आरंभीचा कारभार आजच्या मानाने अगदी माफक होता. कायद्यांच्या सूची करणे, उतारे काढणे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधून देणे, एवढेच त्याचे काम असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या स्थितीत बदल झाला. युद्धकाळात कार्यकारी मंडळाचा व्याप अफाट वाढला होता आणि त्या मानाने काँग्रेस अगदीच दुबळी पडली होती. १९४६ च्या पुनर्रचना कायद्याने या विभागात निरनिराळ्या विषयांचे ज्येष्ठ तज्ज्ञ नेमण्याची तरतूद केली. आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि आंतरराष्ट्रीय व्यापार हे त्या विषयांपैकी होते. या तज्ज्ञांचे वेतन शासनाच्या खात्यांतील तुल्य अधिकाऱ्यांपेक्षा कमी असू नये, हा कटाक्षही त्या कायद्यात होता. मंत्रालयातील तज्ज्ञाशी बरोबरीने बोलू शकणारा माणूस विधिमंडळाकडे टिकावयाचा असेल, तर त्याला केवळ सन्मान देऊन भागत नाही, ही व्यवहारी जाणीव त्यात दिसते.

तिसरा टप्पा १९७० चा. व्हिएतनामच्या युद्धाने अमेरिकन काँग्रेसला स्वतःच्या अज्ञानाची प्रखर जाणीव करून दिली होती. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातील घटनांच्या आधारे अध्यक्ष जॉन्सन यांनी ठराव मागितला. प्रतिनिधिगृहाने तो ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटने ८८ विरुद्ध २ अशा मतांनी मंजूर केला. ४ ऑगस्टचा जो दुसरा हल्ला त्या ठरावाचे निकडीचे कारण म्हणून सांगण्यात आला, तो झालाच नव्हता, असे पुढे निष्पन्न झाले. मतदानाच्या वेळी मात्र सभागृहापुढे शासनाच्या निवेदनाखेरीज दुसरे साधन नव्हते. १९७० च्या कायद्याने जुन्या विभागाचे ‘काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिस’ असे नवे नामकरण केले, त्याचे कार्य नुसत्या संदर्भापासून विश्लेषणापर्यंत वाढविले, संशोधनाच्या बाबतीत त्याला पूर्ण स्वातंत्र्य असावे असे लिहून ठेवले आणि पक्षीय ग्रह टाळण्याचे बंधन घातले. आजमितीस तेथे सुमारे सहाशे कर्मचारी असून परराष्ट्रव्यवहार, संरक्षण आणि व्यापार यांसाठी एक स्वतंत्र शाखा आहे.

या शाखेचे काम दोन प्रकारचे असते. एखाद्या देशाविषयी, करारविषयी किंवा शस्त्रखरेदीविषयी सर्व सदस्यांसाठी लिहिलेली प्रतिवृत्ते हा पहिला प्रकार. विशिष्ट सदस्याने किंवा समितीने विचारलेल्या प्रश्नावरील गोपनीय टिपणे हा दुसरा. प्रतिवृत्तेसुद्धा दीर्घकाळ जनतेस अधिकृतपणे उपलब्ध नव्हती. २०१८ च्या कायद्याने ती खुली झाली. बहुमताच्या पक्षाचा समितीअध्यक्ष असो वा विरोधी पक्षातील नवखा सदस्य असो, प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. विरोधी सदस्याला मिळणारी ही समान संधी या संस्थेचा सर्वांत मोठा गुण होय.

३

एवढी प्रशंसा केल्यावर तिच्या मर्मावरील दोषाकडे वळले पाहिजे. पक्षीय ग्रह टाळण्याच्या बंधनाचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न या संस्थेला सतत भेडसावीत आला आहे. त्याचे दोन अर्थ संभवतात. निष्कर्ष कोणाला अनुकूल वा प्रतिकूल आहे हे न पाहता पुराव्याच्या आधारे तो काढणे, हा पहिला. निष्कर्षच न काढता दोन्ही बाजूंचे म्हणणे शेजारीशेजारी मांडून थांबणे, हा दुसरा. पहिल्याला निःपक्षपातीपणा म्हणावे. दुसऱ्याला फार तर तटस्थता म्हणता येईल. दोहोंमध्ये फरक असा की, पहिल्यात अभ्यासकाची जबाबदारी वाढते, तर दुसऱ्यात ती संपुष्टात येते.

जानेवारी २००६ मधील एक प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. न्यायालयाची परवानगी न घेता अमेरिकन शासन नागरिकांची परदेशांशी होणारी संभाषणे ऐकत असल्याचे वृत्त डिसेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. घटनेने व संसदीय ठरावाने अध्यक्षास तसा अधिकार दिला आहे, असा शासनाचा युक्तिवाद होता. या युक्तिवादाचे परीक्षण करणारे विस्तृत टिपण या संस्थेतील विधिज्ञांनी ५ जानेवारी रोजी सादर केले. त्यांनी दोन्ही पक्षांची मते नोंदवून लेखणी ठेवली नाही. कायद्याची कलमे, विधेयकांचा इतिहास आणि न्यायालयीन निर्णय तपासून शासनाचा आधार दाखविला जातो तितका भक्कम दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी संयत शब्दांत दिला. त्याच महिन्यातील दुसऱ्या टिपणाने, अशा उपक्रमाची माहिती काँग्रेसच्या केवळ आठ नेत्यांना देणे कायद्याशी सुसंगत दिसत नाही, असे दर्शविले. ही टिपणे वृत्तपत्रांत गाजली आणि शासनाचे समर्थक संतप्त झाले. परंतु सदस्यांना नेमके हेच हवे होते. शासनाचे म्हणणे त्यांना शासनाकडून आणि विरोधकांचे विरोधकांकडून कळलेच होते. ते तोलून पाहणारे कोणी मात्र त्यांच्याजवळ नव्हते.

याच संस्थेत याच सुमारास विरुद्ध प्रवृत्तीही प्रबळ होत होती. युद्धाधिकार आणि सत्ताविभाजन या विषयांचे अधिकारी अभ्यासक लुई फिशर हे १९७० पासून तेथे काम करीत होते. युद्ध आणि खर्च या दोन्ही बाबतींत काँग्रेस आपले घटनात्मक कर्तव्य टाकून देत आली आहे, असे त्यांनी आपल्या ग्रंथांत साधार दाखविले होते. कर्मचाऱ्यांच्या बाहेरील लेखनामुळे संस्थेच्या तटस्थतेस बाध येऊ नये, यावर २००४ पासून वरिष्ठांनी भर दिला. तटस्थतेच्या या कल्पनेने विश्लेषणाचा जीवच जातो, असा फिशर यांचा प्रतिवाद होता. वाद वाढत गेला आणि २००६ मध्ये त्यांची बदली लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विधिग्रंथालयात झाली.

संस्थेच्या बाजूनेही काही म्हणता येण्यासारखे आहे व ते डावलून चालणार नाही. दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या अनुदानावर जी संस्था चालते, तिच्या एका तज्ज्ञाने प्रकटपणे एक बाजू घेतली तर दुसऱ्या बाजूचे सदस्य तिच्याकडे प्रश्न घेऊन येणार नाहीत, ही भीती निराधार नव्हे. विश्वास गमावलेले ज्ञान विधिमंडळात निरुपयोगी ठरते. परंतु विश्वास टिकविण्यासाठी निष्कर्ष टाळावयाचे ठरविले, तर टिकलेल्या विश्वासाचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच. परराष्ट्रव्यवहारात तर समतोलाचा हा आग्रह विशेष घातक ठरतो. तेथे एका बाजूस सर्व साधने हाताशी असलेले शासन असते व दुसऱ्या बाजूस अपुऱ्या माहितीवर बोलणारे टीकाकार. विषम बळाच्या दोन पक्षांना समान जागा दिल्याने तोल साधत नाही; बलवानाचे म्हणणे आहे त्याहून अधिक प्रामाणिक भासू लागते.

संस्थेची स्वायत्तता प्रत्यक्षात कशावर उभी आहे, हेही पाहिले पाहिजे. तिचा संचालक लायब्ररी ऑफ काँग्रेसचा मुख्य ग्रंथपाल नेमतो आणि मुख्य ग्रंथपालाची नेमणूक सिनेटच्या संमतीने राष्ट्राध्यक्ष करतो. अध्यक्षाने ग्रंथालयाच्या कारभारात ढवळाढवळ करावयाची नाही, या संकेतामुळे ही रचना निर्धोक मानली गेली होती. मे २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रंप यांनी मुख्य ग्रंथपाल कार्ला हेडन यांना पदच्युत केले आणि तो संकेत किती तकलादू होता हे उघड झाले. काँग्रेसचा स्वतःचा म्हणविणारा तज्ज्ञवर्ग नेमणुकीच्या एका सूत्राने कार्यकारी मंडळाशी बांधलेला राहिला होता.

४

तज्ज्ञांचे स्वातंत्र्य गृहीत धरले तरी दुसरी मर्यादा उरते, ती गुप्ततेची. काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिसचे काम मुख्यत्वे खुल्या साधनांवर चालते. एखाद्या समितीने आपली प्रतिनिधी म्हणून अधिकार दिल्याखेरीज शासनाच्या खात्यांकडून कागदपत्रे मागविण्याची सत्ता तिला नाही. इराकवरील युद्धाचा ठराव ऑक्टोबर २००२ मध्ये काँग्रेसपुढे आला, तेव्हा या मर्यादेचा प्रत्यय आला. गुप्तवार्ता विभागांचे सुमारे नव्वद पानांचे गोपनीय अनुमानपत्र मतदानापूर्वी केवळ काही दिवस सदस्यांना उपलब्ध झाले. ते सुरक्षित कक्षात बसून वाचावयाचे होते. इराक अण्वस्त्रांची उभारणी पुन्हा करीत आहे या निष्कर्षास परराष्ट्रखात्याच्या गुप्तवार्ता विभागाने दिलेला असहमतीचा अभिप्राय त्यात नोंदलेला होता. जनतेसाठी काढलेल्या आवृत्तीत मात्र अशा मतभेदांची धार बोथट झाली होती. मूळ पत्र साद्यंत वाचणारे सदस्य अगदी थोडे निघाले, असे पुढे वृत्तपत्रांच्या चौकशीत आढळले. प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ आणि सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाचा अधिकार दिला.

१९६४ आणि २००२ या दोन प्रसंगांत अडतीस वर्षांचे अंतर आहे. पहिल्या वेळी विधिमंडळाजवळ विश्लेषण नव्हते. दुसऱ्या वेळी शेकडो तज्ज्ञांची संस्था होती, असहमतीचा अभिप्रायही इमारतीत येऊन पडला होता. तथापि निष्पत्ती फारशी निराळी झाली नाही. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते वाचण्याची, त्यासाठी मतदान लांबविण्याची इच्छा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडणुका महिन्यावर आलेल्या असताना ती इच्छा उत्पन्न करणे कोणत्याही संशोधनसंस्थेच्या आवाक्याबाहेरचे आहे.

तथापि यावरून अशा संस्था व्यर्थ होत असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. परराष्ट्रव्यवहारातील महत्त्वाची माहिती नेहमी गुप्तच असते असे नाही; पुष्कळदा ती उघड असून कोणी वाचलेली नसते. याचे सर्वांत बोलके उदाहरण भारताच्याच इतिहासात सापडते. शिंच्यांग आणि तिबेट यांना जोडणारा रस्ता पूर्ण झाल्याचे वृत्त चिनी वृत्तपत्रांत १९५७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तो रस्ता अक्साई चीनमधून जात होता. भारत शासनाने चीनकडे त्याबद्दलचा निषेध ऑक्टोबर १९५८ मध्ये नोंदविला. संसदेला हे सारे कळले ते ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस. आणि उभय शासनांमधील पत्रव्यवहाराची पहिली श्वेतपत्रिका सदस्यांच्या हाती पडली ती ७ सप्टेंबर १९५९ रोजी. चिनी भाषा जाणणारा एखादा अभ्यासक संसदेच्या नोकरीत असता आणि त्याने तेथील वृत्तपत्रे नियमाने वाचली असती, तर शासनाची कोणतीही फाईल न उघडता दोन वर्षे आधी हा प्रश्न सभागृहात विचारता आला असता. त्यामुळे १९६२ चे युद्ध टळले असते असे म्हणता येणार नाही. परंतु सरहद्दीविषयीचे धोरण ठरत असताना संसदेला त्यात वाव मिळाला असता आणि पुढे लोकक्षोभाच्या दडपणाखाली जी चर्चा झाली ती शांतपणे करण्यास अवधी लाभला असता.

५

एकच प्रश्न दोन देशांच्या विधिमंडळांपुढे एकाच वेळी यावा, असे क्वचित घडते. भारत आणि अमेरिका यांच्यामधील अणुसहकार्याचा करार हा असा योग होता. जुलै २००५ मधील संयुक्त निवेदनापासून ऑक्टोबर २००८ पर्यंत तो प्रश्न चालला. अमेरिकेत १९५४ च्या अणुशक्ती कायद्यान्वये काँग्रेसची मान्यता आवश्यक होती. म्हणून डिसेंबर २००६ मध्ये हाइड कायदा झाला आणि करार पुन्हा दोन्ही सभागृहांपुढे आला. प्रतिनिधिगृहात २९८ विरुद्ध ११७ आणि सिनेटमध्ये ८६ विरुद्ध १३ मते पडली. या सर्व काळात काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिसची प्रतिवृत्ते वेळोवेळी सुधारून निघत होती. इंधनपुरवठ्याची हमी, अणुचाचणीचे परिणाम, पुनःप्रक्रियेचा हक्क अशा एकेका मुद्द्याची छाननी त्यांत होती. प्रतिनिधिगृहाच्या परराष्ट्रव्यवहार समितीने शासनास ४५ प्रश्न लेखी विचारून त्यांची लेखी उत्तरे मिळविली.

भारतात करार करण्याचा अधिकार घटनेच्या ७३ व्या अनुच्छेदाच्या आधारे कार्यकारी मंडळाचा मानला जातो. आंतरराष्ट्रीय करारांच्या अंमलबजावणीसाठी कायदे करण्याची सत्ता २५३ व्या अनुच्छेदाने संसदेला दिली आहे, परंतु कराराला संमती देण्याचा प्रश्न तिच्यापुढे येत नाही. म्हणून पंतप्रधानांची निवेदने झाली, मतदानाविना चर्चा झाल्या. अखेर २२ जुलै २००८ रोजी २७५ विरुद्ध २५६ मतांनी जो निर्णय झाला तो मंत्रिमंडळावरील विश्वासाचा होता; करारावर स्वतंत्रपणे मत कधीच घेतले गेले नाही. करारातील कलमांच्या चिकित्सेसाठी भारतीय वृत्तपत्रे अमेरिकन प्रतिवृत्तांचे हवाले देत होती. अमेरिकन समितीला दिलेली ४५ उत्तरे सप्टेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा इंधनपुरवठा व अणुचाचणी यांविषयीचा दुसऱ्या पक्षाचा अर्थ भारतीय सदस्यांना प्रथमच सविस्तर कळला. स्वतःच्या देशाने केलेल्या कराराचा अर्थ परक्या देशाच्या विधिमंडळाने विचारलेल्या प्रश्नांमधून समजून घ्यावा लागणे, ही सार्वभौम संसदेला भूषणावह गोष्ट म्हणता येणार नाही.

दोनच वर्षांनी याच विषयाच्या एका अंगावर निराळे चित्र दिसले. अणुअपघाताच्या नुकसानभरपाईचे विधेयक २०१० मध्ये आले. हा कायदा असल्यामुळे संसदेची मान्यता अनिवार्य होती. विधेयक विज्ञान व तंत्रविद्येच्या स्थायी समितीकडे गेले. समितीने निरनिराळ्या खात्यांच्या व बाहेरील जाणकारांच्या साक्षी घेतल्या. संचालकाच्या दायित्वाची मूळ मर्यादा ५०० कोटी रुपयांची होती, ती १५०० कोटींवर गेली. यंत्रसामग्री पुरविणाऱ्यावरील दायित्वाच्या कलमातील एका शब्दावर एवढा काथ्याकूट झाला की शासनास दुरुस्ती मागे घ्यावी लागली. कायद्याचे हे रूप धोरण म्हणून हितकारक होते की नाही, याविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. येथे अभिप्रेत असलेला मुद्दा वेगळा आहे. सभागृह तेच आणि विषयाची क्लिष्टताही तीच. २००८ मध्ये कराराचा मजकूर बदलण्याची शक्ती सदस्यांजवळ नव्हती, म्हणून भाषणे सर्वसाधारण राहिली. २०१० मध्ये ती होती, म्हणून एका शब्दासाठी तज्ज्ञांचा शोध घेण्यात आला. तज्ज्ञांची गरज अधिकारातून निर्माण होते, असे यावरून दिसून येईल.

६

भारतात परराष्ट्रनीती व संरक्षण यांच्या अभ्यासाची उणीव आहे, असे नाही. सप्रू आणि कुंझरू यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये स्थापन झालेली ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’ आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६५ मध्ये निघालेली संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था आहे. २०२० मध्ये तिला मनोहर पर्रीकर यांचे नाव देण्यात आले. या संस्थांनी केलेले काम मोलाचे आहे. परंतु पहिलीचा खर्च परराष्ट्र मंत्रालय चालविते व दुसरीचा संरक्षण मंत्रालय. ज्याच्या धोरणाची चिकित्सा करावयाची त्याच्याच अनुदानावर ती अवलंबून असेल, तर अभ्यासक कितीही सचोटीचा असला तरी कोणते प्रश्न हाती घ्यावयाचे याची निवड हळूहळू अनुदान देणाऱ्याच्या सोयीने होऊ लागते.

संसदेची स्वतःची संशोधन व संदर्भ शाखा १९५० मध्ये, लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांच्या काळात सुरू झाली आणि १९७४ मध्ये ग्रंथालय, संदर्भ, संशोधन इत्यादींची सेवा एकत्र करण्यात आली. या सेवेने सदस्यांच्या शंकांची उत्तरे दिली, पार्श्वभूमीची टिपणे काढली. परंतु तिचे स्वरूप १९४६ पूर्वीच्या अमेरिकन विभागासारखे, संदर्भ पुरविणाऱ्या कार्यालयाचे राहिले. २००५ मध्ये दिल्लीत निघालेल्या पी. आर. एस. लेजिस्लेटिव्ह रिसर्च या खाजगी संस्थेने विधेयकांच्या विश्लेषणात ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. पण तिचा मुख्य विषय विधेयके हा आहे. परराष्ट्रव्यवहाराचा मोठा भाग विधेयकाच्या रूपाने संसदेपुढे येतच नाही.

राहता राहिल्या स्थायी समित्या. १९९३ मध्ये त्या निर्माण होण्यापूर्वी परराष्ट्रखात्यासाठी मंत्र्याच्याच अध्यक्षतेखाली बसणारी सल्लागार समिती तेवढी असे. नव्या समित्यांनी काही प्रसंगी आपले सामर्थ्य दाखविले आहे. संरक्षणविषयक समितीच्या मार्च २०१८ मधील अहवालात, भूसेनेच्या सामग्रीपैकी ६८ टक्के सामग्री कालबाह्य वर्गात मोडते, अशी उपसेनाप्रमुखांची साक्ष नोंदली गेली. संसदेला हे कोणा टीकाकाराने सांगितलेले नव्हते. योग्य प्रश्न योग्य माणसाला विचारल्यामुळे ते बाहेर आले. परंतु १९९३ च्या नियमांनी सदस्यांची मुदत एकाच वर्षाची ठेवली आणि समित्यांना विषयतज्ज्ञांचा कायम ताफा दिला नाही. सदस्याला विषय उमगू लागेतो त्याची समिती बदलण्याची वेळ येते. शिवाय लोकसभेत अनेक खात्यांच्या मागण्या चर्चेविनाच एकत्र मताला टाकल्या जातात, तेव्हा समितीचा परिश्रम कागदावरच राहतो.

७

ही कल्पना परकीय असून भारतीय परंपरेत तिला आधार नाही, असा आक्षेप कधी कधी घेण्यात येतो. तो टिकणारा नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदे कौन्सिलात २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर जे पहिले भाषण केले, त्याच्या मागे गणेश व्यंकटेश जोशी या निवृत्त मुख्याध्यापकांचा व्यासंग उभा होता. त्यापूर्वी १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढील साक्षीच्या तयारीतही न्यायमूर्ती रानडे यांच्याबरोबर जोशी यांचे साह्य होते. सरकारी निळी पुस्तके, जमाखर्चाची पत्रके आणि लष्करी खर्चाचे आकडे तपासून जोशी यांनी जे निष्कर्ष काढले, ते गोखल्यांनी सभागृहात मांडले. शिलकी अंदाजपत्रक हे समृद्धीचे लक्षण नसून अधिक कर वसुलीचे आहे, आणि लष्करी खर्चाचा भार देशाच्या कुवतीबाहेरचा आहे, हे प्रतिपादन शासनाच्याच आकड्यांनी सिद्ध केलेले असल्यामुळे त्याची उपेक्षा करता आली नाही. जोशी तटस्थ नव्हते. त्यांची मते निश्चित होती. परंतु ते कोणाचे आश्रित नव्हते आणि त्यांचे आकडे कोणालाही पडताळून पाहता येत होते. स्वायत्त विश्लेषण म्हणतात ते हेच.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. १८९२ च्या कायद्यान्वये कौन्सिलातील सदस्यांना अंदाजपत्रकावर बोलता येई; मत देता येत नसे. मिठावरील कर १९०३ मध्ये कमी झाला, हे खरे. परंतु तो शासनाच्या मर्जीने झाला. लष्करी खर्चाचे धोरण गोखल्यांच्या आकड्यांनी हलले नाही. उत्तम विश्लेषण आणि अधिकाराचा अभाव यांच्या संयोगातून प्रशंसा मिळते, नियंत्रण निर्माण होत नाही. परराष्ट्रीय करारांच्या बाबतीत भारतीय संसदेची आजची स्थिती या दृष्टीने १९०२ च्या कौन्सिलाच्या बरीच जवळ आहे.

यावर तीन हरकती संभवतात. परराष्ट्रव्यवहारात राष्ट्राने एकमुखाने बोलले पाहिजे, ही पहिली. बोलणे एकमुखी असावे. पण बोलण्यापूर्वीचा विचारही एकाच मेंदूने करावा, असा त्याचा अर्थ होत नाही. गुप्ततेची हरकत वजनदार आहे, तथापि १९५७ च्या रस्त्याचे उदाहरण तिची व्याप्ती मर्यादित करते. आणि जेथे खरोखरच गुप्तता हवी तेथे समितीच्या बंद बैठका हा मार्ग उपलब्ध आहेच. तिसरी हरकत, लोकप्रतिनिधींवर तज्ज्ञांचे वर्चस्व प्रस्थापित होईल ही. पण ते वर्चस्व आजही आहेच. फरक इतकाच की ते मंत्रालयातील तज्ज्ञांचे आहे आणि त्याला पडताळा नाही. दुसरा तज्ज्ञ उपलब्ध झाल्याने सदस्य पहिल्याच्या तावडीतून सुटतो.

म्हणून केवळ अमेरिकन संस्थेची प्रतिकृती उभारून भागणार नाही. करारांवरील संसदेच्या नियंत्रणासाठी कायदा करण्याची शिफारस घटनेच्या कार्याचे परीक्षण करणाऱ्या आयोगाने २००२ मध्येच केली होती. ब्रिटनमध्ये करार संमतीपूर्वी एकवीस दिवस पार्लमेंटपुढे ठेवण्याची १९२४ पासूनची प्रथा २०१० मध्ये कायद्यात आली. भारतात आरंभ येथून व्हावयास हवा. त्याच्या जोडीला संसदेच्या संशोधनसेवेत परराष्ट्र व संरक्षण या विषयांची कायम शाखा असावी. तिच्या प्रमुखाची नेमणूक दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षपदस्थांनी विरोधी पक्षाच्या सल्ल्याने करावी व मुदत कायद्याने निश्चित करावी. तिची प्रतिवृत्ते प्रसिद्ध व्हावीत आणि समित्यांची मुदत लोकसभेच्या मुदतीएवढी असावी. निष्कर्ष काढल्याबद्दल अभ्यासकास शिक्षा होणार नाही, एवढी हमी त्या कायद्यात असली म्हणजे पुरे. समतोलाचे वेगळे कलम घालण्याची आवश्यकता नाही. पुराव्याची शिस्त पाळणाऱ्या अभ्यासकाला तिच्यापेक्षा कडक बंधन घालता येत नाही.

गोखल्यांना जोशी लाभले होते, पण मताचा अधिकार नव्हता. आजच्या सदस्याला कायद्यावर मत देता येते, पण त्याच्या पाठीशी जोशी नाहीत. आणि करारांच्या बाबतीत तर दोहोंचाही अभाव आहे. संसदेच्या नियंत्रणाची चर्चा यापुढे करताना या दोन उणिवा एकत्रच विचारात घेतल्या पाहिजेत.